आषाढाच्या आधीचं घर

माझा आवाज बसलाय, तेवढं समजून घ्या. शनिवारी दिवसभर मी बरकतपुऱ्याच्या गल्ल्यागल्ल्यांतून भांडत फिरले, आणि रविवारी सकाळी जी किंचाळले त्यात उरलासुरला गळाही गेला. पण सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही! गोष्ट इंदुताईंची आहे आणि ती मीच सांगणार. दुसरं कुणी सांगायला बसलं तर 'बिचाऱ्या इंदुताई' म्हणून सुरुवात करेल. बिचाऱ्या! म्हणून तर बघा माझ्यासमोर.

मी वैशाली. सुलतान बाजारात माझं लेस-बटणांचं दुकान आहे. दुकानाच्या पायरीला लागून इंदुताईंचं शिलाई मशीन असतं. साड्यांना फॉल लावणं, पिको करणं हे त्यांचं काम. लातूरकडच्या माहेराहून लग्न होऊन हैदराबादेत आल्या. नवरा एका छापखान्यात होता. मूलबाळ नाही. नवरा गेला तेव्हा छापखान्याच्या मालकानं एक हार आणला आणि तेवढ्यावर हिशेब मिटवला. तेराव्यानंतर चारच दिवसांनी ही बाई माझ्या पायरीवर येऊन म्हणाली, "वैशू, इथं सावली चांगली आहे. मशीन ठेवू का?" मी म्हटलं, "अहो, ठेवा की, विचारता काय!" तेव्हापासून त्या तिथंच आहेत. आणि गिऱ्हाईकांना काय दम देतात! कुणी घाईघाईत फॉलचा रंग निवडला की म्हणणार, "बाई, दिव्याखाली नको, उन्हात धर. मग मला येऊन नावं ठेवशील." गिऱ्हाईक मुकाट्यानं रस्त्यावर जाऊन साडी उन्हात धरतं. वर हसतंसुद्धा.

काटकसर मात्र अशी की बघणाऱ्याचा जीव जावा. दोऱ्याचा वीतभर तुकडासुद्धा रिळाला परत गुंडाळतील. चहा उकळायला ठेवला तर तिथून हलायच्या नाहीत, थेंब सांडता कामा नये.

आता राहायचं कसं? मशीनच्या कमाईत पोट भरत होतं, पण भाडं भागत नव्हतं. त्यासाठी आमच्या हैदराबादच्या मराठी मंडळींचा 'भगिनी आधार फंड' होता. जुन्या पिढीतल्या वकिलांनी, मास्तरांनी, सरकारी खात्यातल्या लोकांनी दर दसऱ्याला पगारातून काही काढून तो उभा केलेला. एकट्या बायकांचं निम्मं घरभाडं भरायचं, एवढंच त्याचं काम. पण ते करायची रीत फार चांगली होती. महिना लागला की फंडाचे सेक्रेटरी स्वतः छत्री घेऊन घरमालकाकडे जायचे, बसायचे, चहा घ्यायचे, मालकाच्या गुडघेदुखीची चौकशी करायचे आणि पैसे हातात देऊन यायचे. त्यामुळे काय व्हायचं, की 'फंडाची बाई' म्हटलं की मालक खोली द्यायचा. एकटी आहे, मागे कुणी नाही, असं म्हणायची त्याची टापच नव्हती, कारण मागे फंड होता.

यंदा नवी कमिटी आली. खजिनदार केतकी. पुण्याची पोरगी, नवरा-बायको दोघं आयटीत, राहायला तिकडं उंच उंच बिल्डिंगींत. हुशार आहे, नाही म्हणत नाही. तिनं फंडाचं व्याज बघितलं, देणगीदारांची अमेरिकेला गेलेली मुलं बघितली आणि ठरवलं की असं चालायचं नाही. एके दिवशी ग्रुपवर मेसेज आला, की जुलैपासून घरभाड्याची मदत बंद. त्याऐवजी 'स्वावलंबन शिबिर'. पहिलं शिबिर कसलं, सांगा बघू? शिवणकामाचं! मी इंदुताईंना मेसेज वाचून दाखवला तर त्यांनी मशीन थांबवलं, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "जाऊ का शिकायला?" मला हसू आवरेना आणि दुसऱ्याच क्षणी डोक्यात अशी तिडीक गेली!

कारण मालनबाई तर लगेच खोली सोडून गेल्यासुद्धा. काचीगुड्याला एका खोलीत राहायच्या, त्याही फंडाच्याच. मालकानं विचारलं, "आता भाड्याची हमी कोण देणार?" त्यांना उत्तर देता येईना, म्हणून आठवड्याच्या आत निजामाबादला मुलाकडे. पॅसेजमध्ये, चपलांच्या स्टँडशेजारी त्यांची गादी. मला फोन करतात तर कुजबुजत बोलतात. स्वतःच्या पोराच्या घरात कुजबुजत!

इंदुताईंच्या मालकानंही तेच केलं. "फंडाकडे बघून खोली दिली होती, अम्मा. महिनाअखेर मोकळी करा." लातूरचा पुतण्या चांगला आहे, "आत्या, या इकडे" असं मनापासून म्हणतो. पण इंदुताई मला म्हणाल्या, "वैशू, तिथं मला पाणी प्यायचं झालं तरी विचारावंसं वाटेल. मला माझ्या हातानं कडी लावायला एक दार पाहिजे. बस." त्यांनी कधी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. तेव्हाही मागत नव्हत्या, नुसतं सांगत होत्या.

मग काय! शनिवारी सकाळी कमिटीची मीटिंग होती, मी सरळ आत शिरले. केतकी म्हणाली, "काकू, आम्ही पुरेसा वेळ दिलाय. हैदराबादमध्ये टू-लेटचे बोर्ड किती असतात!" मी म्हटलं, "असं? मग चल ना! तुझी गाडी काढ आणि दाखव मला, एकट्या म्हाताऱ्या बाईला कोण घर देतंय ते. नुसतं बसून बंद करायला काय लागतं?" मला वाटलं पोरगी आता रडेल नाहीतर मला बाहेर काढेल. तर तिनं पर्स उचलली आणि म्हणाली, "चला."

चला! मी तर क्षणभर गारच पडले.

इंदुताईंना घेतलं आणि निघालो. बरकतपुराच पाहिजे, कारण तिथून सुलतान बाजारला त्या चालत येतात. बसचं भाडं वाचतं, पायही मोकळे होतात. पहिल्या घरी बोर्ड, गेटवर फुलांच्या कुंड्या. मालक बाहेर आला. "कितने लोगां?" मी म्हटलं एकच. "अकेले? नक्को अम्मा." गेट बंद. दुसरीकडे 'फक्त फॅमिली'. केतकी पुढे होऊन म्हणाली, "या एकट्या म्हणजे फॅमिलीच समजा," तर ती बाई तिच्याकडे अशी बघायला लागली की मलाच मध्ये पडावं लागलं. तिसरीकडे सगळं जमलं, पण मालकानं विचारलं, "नौकरी?" इंदुताईंनी सांगितलं. "फिर किराया कौन भरता?" केतकी मान खाली घालून चपलेच्या टोकानं फरशी उकरत होती. तिचा मेसेज येईपर्यंत या प्रश्नाला उत्तर होतं, ते तिला कळत असणार. मी काही बोलले नाही. खरं म्हणजे बोलले, पण हळू.

दुपारी उन्हात घामाघूम होऊन चौथ्या घरी पोचलो. तिथली बाई भली निघाली, पाणी दिलं, वरची खोली दाखवली. आणि मग विचारलं, कधी येणार? "एक जुलैला," केतकीनं सांगितलं. बाईनं दोन्ही कानांना हात लावले. "जुलै? आषाढम अम्मा! श्रावणमला या."

केतकीला कळेना. "आषाढाचा काय संबंध?"

"अगं बाई!" मी डोक्यालाच हात लावला. इथंच जन्मले, इथंच वाढले, आणि मलाही हे सुचलं नव्हतं! तेलुगू माणूस आषाढात घर बदलत नाही. नव्या घरात जायचं तर चांगला दिवस बघून आधी दूध तापवायचं आणि ते ऊतू घालवायचं, पालु पोंगिंचाली म्हणतात. दूध ऊतू गेलं की घर तुमचं झालं. हे आषाढात करत नाहीत. भाडेकरू जात नाही आणि जुन्या वळणाचा मालक घेत नाही. "आणि तुम्ही कमिटीत बसून मुहूर्त काढलात जुलैचा! अख्ख्या वर्षात घर न मिळण्याचे दिवस शोधून काढलेत! हैदराबादेत राहता आणि एका माणसाला विचारता येत नाही?"

केतकीचा चेहरा पांढराफटक. "काकू, मला खरंच माहीत नव्हतं. पुण्यात असं…"

"पुण्याचं पुण्यात!"

"वैशू, पुरे," इंदुताई म्हणाल्या. त्या एवढा वेळ त्या बाईशी तेलुगूत बोलत होत्या. वळून म्हणाल्या, "या म्हणतात, आषाढ लागायच्या आधी दूध ऊतू घातलं तर सामान नंतर आणलं तरी चालतं. शेवटचा चांगला दिवस उद्याच. सकाळी नऊच्या आत."

उद्या! म्हणजे आमच्या हातात तेवढी संध्याकाळ! मी केतकीकडे बघितलं, केतकीनं माझ्याकडे. पुढचं मला नीट आठवतसुद्धा नाही, इतके पळालो. त्या भल्या बाईची खोली इंदुताईंना परवडणारी नव्हती. पुढची गल्ली, त्याच्या पुढची. गाडी जिथं जाईना तिथं केतकी उतरून धावायची, वर जाऊन बोर्ड वाचायची आणि लांबूनच हातानं खूण करायची, चला नाहीतर नको. एका कुत्र्यानं तिची ओढणी धरली तर ओढणी तिथंच सोडून आली! मला पहिल्यांदा ती पोरगी आवडली.

आणि मिळालं! दिवेलागणीला, बरकतपुऱ्याच्याच मागच्या गल्लीत. सत्यवतम्मा म्हणून बाई, साठीच्या पुढच्या, नाकात दोन्हीकडे चमक्या. त्यांच्या घरामागचा एक पोर्शन रिकामा होता. एक खोली, ओटा, खिडकी आणि दाराला आतून कडी. दार दक्षिणेला, म्हणून कुणी घेत नव्हतं. भाडं इंदुताईंच्या एकटीच्या कमाईत, जरा ओढाताण करून, बसणारं. "हमी कोण?" त्यांनी विचारलंच. केतकी तोंड उघडणार तोच मी पुढे झाले, "मी. सुलतान बाजारात दुकान आहे माझं, पळून कुठं जाऊ?" सत्यवतम्मांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मान हलवली.

पण मग म्हणाल्या, "दूध मुत्तैदुवानं तापवायचं."

मुत्तैदुवा म्हणजे सवाष्ण. झालं! इंदुताईंना नवरा राहिला नाही, आणि माझा मी सोडलेला. माझं रक्त उसळलं, सुनवायला तोंड उघडलं, तेवढ्यात इंदुताईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की अजून निळं आहे. "चालेल," त्या म्हणाल्या. "ही आहे ना केतकी."

रविवारी सकाळी केतकी साडी नेसून हजर! निऱ्या सगळ्या एका बाजूला गेलेल्या, पण टिकली, बांगड्या, हातात झेंडूची फुलं. गाडीच्या डिकीत इंदुताईंची शेगडी, छोटा सिलेंडर, नवं पातेलं. सत्यवतम्मांनी ओटा धुऊन हळदी-कुंकू लावून ठेवलं होतं. शेजारच्या दोघी-तिघी बायकाही बघायला आल्या होत्या. इंदुताई दाराच्या आत कोपऱ्यात उभ्या होत्या, पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून. रात्रभर झोपल्या नसाव्यात.

केतकीनं गॅस लावला. दूध तापायला लागलं. बाजूनं बुडबुडे आले, साय धरली, साय फुगली. सत्यवतम्मा पुटपुटत होत्या. सगळ्याजणी वाकून वाकून बघतोय. आलं, आलं, वर आलं, अगदी काठाला आलं…

आणि केतकीनं खटकन गॅस बंद केला!

दूध खाली बसलं.

मी किंचाळले तो हाच क्षण. "अय्यो!" सत्यवतम्मांनी गालांवर हात मारले. केतकी बटणावरच्या आपल्या हाताकडे अशी बघत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा. "सवय… सवय हो! आई ओरडायची, दूध ऊतू गेलं की…" आणि खरंच सांगते, तिच्या जागी मी असते तर माझ्याही हातानं तेच केलं असतं. मराठी घरात वाढलेली बाई ती! दूध वर येताना दिसलं की हात आपोआप बटणाकडे जातो. पण तेव्हा मला कसलं सुचतंय! "अगं, फंड बंद केलास तो केलास, आता गॅसपण बंद केलास? तुला दुसरं काही येतं का?"

सत्यवतम्मांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. नऊ वाजायला आले होते. त्यांचा चेहरा उतरला, रागानं नव्हे, भीतीनं. शकुनच चुकला होता. "वद्दम्मा," त्या म्हणाल्या, "नको. श्रावणमला बघू." शेजारणी दाराकडे वळल्या. श्रावण! श्रावण येईपर्यंत इंदुताई लातूरला पोचलेल्या असत्या, आणि एकदा गेलं की परत कोण येतं? केतकी रडत रडत लायटर दाबत होती आणि तो मेला पेटत नव्हता.

तेवढ्यात इंदुताई कोपऱ्यातून पुढे आल्या. केतकीच्या हातातून लायटर घेतला, तिला खांद्याला धरून बाजूला केलं, बटण पूर्ण फिरवलं आणि एका खटक्यात गॅस पेटवला.

"मीरु कादु!" सत्यवतम्मा ओरडल्या. तुम्ही नाही!

इंदुताईंनी मागे वळूनही बघितलं नाही. "उंडेदि नेने कदम्मा," म्हणाल्या. राहणार तर मीच आहे ना. आवाज चढला नव्हता. गिऱ्हाईकाला साडी उन्हात धर म्हणून सांगतात, तोच आवाज.

दूध पुन्हा चढायला लागलं. मी बघत होते इंदुताईंच्या हाताकडे. तो एकदा, खरंच सांगते, बटणाकडे गेलाही. मग त्यांनी तो आपल्याच दुसऱ्या हातानं धरला आणि छातीशी दाबून ठेवला. आणि दूध आलं! काठावर आलं, थांबलं, फुगलं आणि ऊतू गेलं! फसफसत शेगडीवर, ओट्यावर, आणि ओट्यावरून धार लागली. सगळ्या बायका एकदम पुढे झाल्या. दूध कुठल्या दिशेला जातं ते बघतात या लोकांत. क्षणभर ते नुसतंच पसरलं, मग खिडकीच्या बाजूला वळलं, आणि सत्यवतम्मांनी टाळ्याच वाजवल्या. "तूर्पु! तूर्पु!" पूर्वेला! पूर्वेला गेलं! आता पूर्वेला गेलेल्या दुधापुढे सवाष्ण काय आणि विधवा काय! त्यांनी स्वतः कुंकवाचा करंडा आणला आणि दाराच्या चौकटीला बोटं लावली. मी नाचले. या वयात, शेजारणींसमोर, नाचले! गॅस बंद करायचं कुणाला सुचलंच नाही, दूध जातच राहिलं, आणि इंदुताईंनी ते जाऊ दिलं. त्या बाईनं! अर्धं पातेलं रिकामं झालं तेव्हा कुठं सत्यवतम्मांनीच हसत हसत बटण बंद केलं.

उरलेल्या दुधात तांदूळ आणि गूळ घालून त्यांनी खीर केली. आम्ही जमिनीवर बसून वाट्यांतून खाल्ली. केतकीचं रडणं थांबत नव्हतं. "इंदुताई, मी मीटिंग बोलावते. घरभाड्याचा विषय पुन्हा मांडते. मी स्वतः जाईन मालकांकडे, सेक्रेटरी जायचे तशी."

इंदुताईंनी बोट वाटीभर फिरवून शेवटची खीर चाटली. "मांड. पण माझ्यासाठी नको आता. मालनबाईंसाठी मांड. त्यांचा फोन लावून देते, त्यांच्याशी आधी बोल. कुजबुजतील, जरा कान देऊन ऐक."

केतकीनं पदरानं डोळे पुसले आणि मान हलवली.

शेजारणी गेल्या, सत्यवतम्मा पुढं आपल्या घरात गेल्या. मी पाय पसरून भिंतीला टेकले, म्हटलं आता निवांत गप्पा मारू, सामान कुठं काय लावायचं ते ठरवू, मशीन घरी आणलं तर खिडकीशी ठेवू. इंदुताईंचं लक्षच नव्हतं. त्या ओट्याकडे बघत होत्या, खालच्या फरशीकडे बघत होत्या. सगळीकडे दूधच दूध, आणि मुंग्यांची रांग लागायला सुरुवात झालेली. त्यांनी पदर खोचला, पिशवीतून एक जुनं धोतराचं फडकं काढलं आणि आमच्यासमोर उभ्या राहिल्या.

"चला, उठा दोघी, निघा आता. मला माझं घर पुसायचंय."

आणि आम्ही बाहेर पडलो न पडलो, तोच मागून कडी लागल्याचा आवाज आला.